कीर्द, खतावणी आणि विद्यार्थ्याचा लॅपटॉप

बारावीचा निकाल लागून महाविद्यालयाचे प्रवेश निश्चित झाले की अनेक व्यापारी कुटुंबांत एक खरेदी ठरलेली असते. मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला निघते. अंथरूण-पांघरूण, डबा, तांब्या-भांडे अशा वस्तूंच्या यादीत शेवटी लॅपटॉपचे नाव लिहिले जाते. बाकी सर्व वस्तू मिळून होत नाही तेवढा खर्च या एका वस्तूवर होतो. तरीही ती घेताना बहुधा सर्वांत कमी विचार केला जातो. कोणी नातेवाईक एका कंपनीचे नाव सुचवतो, विक्रेता त्या दिवसाची सवलत सांगतो, मित्राकडे आहे तसाच हवा असा मुलाचा आग्रह असतो, आणि तासाभरात पन्नास-साठ हजारांचा व्यवहार उरकला जातो.

हीच मंडळी पेढीसाठी माल घेताना अशी वागत नाहीत. डाळीचा नमुना तळहातावर घेतल्याशिवाय, हळकुंड मोडून पाहिल्याशिवाय, कापडाचा पोत चिमटीत धरल्याशिवाय सौदा होत नाही. माल कोणत्या गिऱ्हाइकासाठी आणि कोणत्या हंगामासाठी हवा आहे हे ठरल्यावरच भावाची बोलणी सुरू होतात. लॅपटॉपलाही हाच न्याय लावला तर पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपनीचा?’ असा राहत नाही, ‘कोणत्या कामाचा?’ असा होतो.

अभ्यासक्रम आधी, यंत्र नंतर

वाणिज्य, कायदा किंवा सनदी लेखापालाच्या परीक्षेचा विद्यार्थी यंत्रावर मुख्यतः तीन कामे करतो : वाचणे, लिहिणे आणि तक्ते मांडणे. या कामांना महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मात्र एक गोष्ट आधी पाहावी लागते. हिशेबासाठी आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा टॅली हा प्रोग्राम विंडोज प्रणालीसाठी तयार केलेला आहे. अ‍ॅपलच्या मॅकबुकवर तो थेट चालत नाही. मॅकबुकची बांधणी भक्कम असते, बॅटरी दीर्घकाळ टिकते. तथापि ज्याला पुढे टॅलीवरच काम करायचे आहे, त्याला ते घेतल्यास रोज आडवाट धरावी लागेल. सनदी लेखापालाच्या नव्या अभ्यासक्रमात दोन वर्षांची आर्टिकलशिप असते. त्या काळात यंत्र खांद्यावर घेऊन निरनिराळ्या कार्यालयांत लेखापरीक्षणासाठी फिरावे लागते. म्हणून तेथे वजनाला फार महत्त्व आहे.

अभियांत्रिकी आणि वास्तुकलेचा प्रकार वेगळा. यंत्र अभियांत्रिकीत लागणारा सॉलिडवर्क्स आणि इमारतींच्या आराखड्यांसाठी लागणारा रेव्हिट हे दोन्ही प्रोग्राम विंडोजवरच चालतात आणि त्यांना बलवान प्रोसेसर व स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते. परंतु वास्तुकलेचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे आणि आरंभी बरेच काम हाताने, ड्रॉइंग बोर्डवर होते. पहिल्याच आठवड्यात घेतलेले महाग यंत्र खरी गरज पडेपर्यंत जुने झालेले असते. ऑटोकॅड आणि रेव्हिट बनवणारी कंपनी विद्यार्थ्यांना शैक्षणिक वापरासाठी ते विनामूल्य देते, हेही पालकांना माहीत असावे. चोरीची प्रत कोणाकडून ‘टाकून घेण्याची’ मग गरज उरत नाही.

वैद्यकीय शाखेत वाचन अफाट आणि आकृत्या पुष्कळ. तेथे साधा लॅपटॉप पुरतो. त्याच्या जोडीला पेनने लिहिता येणारा टॅब्लेट अधिक उपयोगी पडतो.

या सर्वांतून एकच सूचना निघते. महाविद्यालय सुरू होऊन पंधरा-वीस दिवस होऊ द्यावेत. विभागाकडून लागणाऱ्या प्रोग्रामची यादी घ्यावी, वरच्या वर्गातील दोन-तीन विद्यार्थ्यांना विचारावे, आणि मगच दुकानाची पायरी चढावी. तेवढ्या दिवसांत अभ्यासाचे काही अडत नाही.

वर्गातील लेखन आणि संध्याकाळचे लेखन

लॅपटॉप घेऊन देताना पालकांच्या मनात एक चित्र असते : वर्गात प्राध्यापक बोलत आहेत आणि पाल्य भराभर टंकलेखन करून सर्व काही उतरवून घेत आहे. या चित्राविषयी थोडे थांबून पाहणे इष्ट आहे.

२०१४ मध्ये पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर या अमेरिकेतील दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या टिपणांवर एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी अधिक शब्द लिहीत, परंतु वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवीत. हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसल्यामुळे ऐकलेले मनात गाळून, संक्षेप करून लिहावे लागे. विषय समजला आहे की नाही हे पाहणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणारे सरस ठरले. पुढे २०१९ मध्ये केंट स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हा फरक इतका ठळक दिसला नाही. म्हणजे लेखणी हाती घेतली की ज्ञान आपोआप येते असे म्हणता येत नाही. ऐकलेले स्वतःच्या शब्दांत मांडण्याचे श्रम कोठेतरी व्हायला हवेत, एवढे मात्र दोन्हींवरून घेता येते.

दुसरी बाजू लक्ष विचलित होण्याची. कॅनडात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, वर्गात लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कमी झालेच. शिवाय ज्यांना त्याचा पडदा दिसत होता अशा शेजारच्या विद्यार्थ्यांचेही गुण घटले. आणि आपल्याकडील विद्यापीठांच्या व सनदी लेखापालाच्या वर्णनात्मक उत्तरपत्रिका अद्याप हातानेच लिहाव्या लागतात. वर्षभर केवळ कळा दाबणाऱ्या बोटांना परीक्षेत तीन तास लेखणी चालवणे जड जाते.

मग लॅपटॉपचे स्थान कोणते? त्याचे उत्तर व्यापारी घराला शिकवावे लागत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वह्यांत आहे.

पेढीवर व्यवहार घडतो तसा, घडेल त्या क्रमाने, कीर्दीत लिहिला जातो. सकाळी आलेली रोकड, दुपारी गेलेला माल, संध्याकाळी दिलेली हमाली, सर्व एकाखाली एक. पण नुसत्या कीर्दीवरून कोणाकडे किती येणे आहे हे सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर उचलून खतावणी करावी लागते. खतावणी मागे पडली की धंद्याची खरी स्थिती मालकालाही कळेनाशी होते.

वर्गातील वही ही विद्यार्थ्याची कीर्द आहे. सोमवारी अर्थशास्त्र, मंगळवारी करार कायदा, मध्येच एखादे उदाहरण, समासात एखादी शंका. ती कागदावर, हाताने, तारीख घालून लिहावी. खतावणी संध्याकाळी व्हावी : दिवसभराच्या टिपणांतील प्रत्येक मुद्दा त्याच्या विषयाच्या व प्रकरणाच्या खात्यात, स्वतःच्या शब्दांत. या दुसऱ्या कामासाठी लॅपटॉपइतके सोयीचे साधन नाही. मधे ओळ घालता येते, तक्ता जोडता येतो, दोन महिन्यांपूर्वीचा मुद्दा शब्द शोधून क्षणात काढता येतो, हाताने काढलेल्या आकृतीचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन शेजारी ठेवता येते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी टिपणांची जी पद्धत रूढ केली, तिचाही गाभा हाच आहे. पानाच्या उजवीकडच्या रुंद भागात वर्गातील टिपण, डावीकडच्या अरुंद पट्टीत नंतर विचार करून लिहिलेले प्रश्न व कळीचे शब्द, आणि तळाशी चार ओळींत सार. डावी पट्टी आणि तळ रिकामा असेल, तर खतावणी राहिली आहे असे समजावे.

गणित, रसायनशास्त्र यांसारख्या विषयांत सूत्रे टंकित करणे वेळखाऊ असते. अशा विद्यार्थ्याने पेनने लिहिता येणाऱ्या पडद्याचा लॅपटॉप किंवा टॅब्लेट पाहावा. मराठीत टिपणे काढणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड अंगभूत असतो. महिनाभराच्या सरावाने तो हाताला बसतो.

यंत्रात काय पाहावे

हे काम एकदा नजरेसमोर आले की विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील कोणता आकडा महत्त्वाचा हे कळू लागते.

पहिला कीबोर्ड. चार वर्षे ज्यावर रोज लिहायचे, त्यावर दुकानात उभे राहून एक परिच्छेद तरी टंकित करून पाहावा. हिशेबाच्या विद्यार्थ्याला उजवीकडचे आकड्यांचे वेगळे खाते फार सोयीचे पडते. ते साधारणतः १५.६ इंची यंत्रांत मिळते, १४ इंचीत बहुधा नसते. पण १५.६ इंची यंत्र वजनाला जड. रोज प्रवास असेल तर १४ इंची घ्यावे आणि आकड्यांचा स्वतंत्र कीपॅड अल्प किमतीत वेगळा घेऊन खोलीवर ठेवावा.

दुसरा पडदा. वाचनाचे काम तासन्‌तास चालणार असल्याने येथे काटकसर करू नये. १९२० × १०८० किंवा १९२० × १२०० बिंदूंचा पडदा घ्यावा. दुसऱ्या प्रकारात उंची अधिक असल्याने एका वेळी चार ओळी जास्त दिसतात. स्वतःच्या अभ्यासाचे एखादे लांबलचक पुस्तक पेन ड्राइव्हवर नेऊन दुकानातच उघडावे आणि बाजूने, उजेडात, अक्षरे कशी दिसतात ते पाहावे.

तिसरी रॅम आणि साठवण. यांतील भेद व्यापाऱ्याला सहज उमगेल. एसएसडी म्हणजे गोदाम. रॅम म्हणजे गिऱ्हाइकासमोर माल उलगडून दाखवण्याची जागा. गोदाम कितीही मोठे असले तरी ती जागा अरुंद असेल तर एक तागा उचलल्याशिवाय दुसरा दाखवता येत नाही, आणि काम खोळंबते. आज ८ जीबी रॅमवर कसेबसे भागते. चार वर्षांचा विचार करता १६ जीबी घ्यावी. अनेक पातळ यंत्रांत रॅम आतच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ते आधी विचारावे. साठवणीला ५१२ जीबीची एसएसडी पुरेशी आहे. घरी आणल्यावर विंडोज ती सुमारे ४७६ जीबी दाखवील. हा मापात मारल्याचा प्रकार नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो फरक आहे.

चौथी बॅटरी. ‘दिवसभर चालते’ या जाहिरातीपेक्षा वॅट-अवरचा आकडा विचारावा. साध्या लेखन-वाचनात यंत्र ताशी सुमारे ८ वॅट-अवर खात असेल, तर ५० वॅट-अवरची बॅटरी सहा तासांच्या आसपास चालेल. वजन पाहताना चार्जरही हातात घ्यावा. खेळांसाठी बनवलेल्या लॅपटॉपचा चार्जरच अर्ध्या किलोच्या घरात जातो.

प्रोसेसरच्या नावातील आकड्यांनी गोंधळून जाण्याचे कारण नाही. लेखन-वाचन-तक्ते यांसाठी मधल्या श्रेणीचा, म्हणजे इंटेलचा आय-५ किंवा एएमडीचा रायझन-५ या दर्जाचा, अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर पुष्कळ झाला.

किंमत, जुने यंत्र आणि बिल

किंमत नेहमी वर्षांवर वाटून पाहावी. ६०,००० रुपयांचे यंत्र चार वर्षे चालले तर वर्षाला १५,००० पडतात. ४०,००० रुपयांचे यंत्र दोन वर्षांत कुरकुरू लागले तर वर्षाला २०,०००. उलट एक लाखाच्या यंत्रात जी शक्ती आहे ती वाणिज्याच्या विद्यार्थ्याकडून कधी वापरलीच जाणार नसेल, तर तो न खपणारा माल गोदामात भरल्यासारखा आहे.

दुकानातील जुना लॅपटॉप मुलाला द्यावा का, हाही प्रश्न अनेक घरांत येतो. त्याला सरसकट नकार देऊ नये. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, आणि इंटेलच्या यंत्रांपैकी आठव्या पिढीपासून पुढचीच विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र धरली जातात. जुने यंत्र या रेषेच्या अलीकडचे असेल तर त्यात एसएसडी आणि रॅम घालून ते आणखी दोन-तीन वर्षे उत्तम चालते. पलीकडचे असेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करणेही धोक्याचे. पण येथे एक सवय तपासून पाहावी. घरात भाऊ-बहीण दोघे शिकत असतील तर नवे यंत्र मुलाला आणि उतरलेले मुलीला, हे पुष्कळदा न बोलताच ठरते. कोणाचा अभ्यासक्रम काय मागतो, एवढाच निकष असावा. मुलगी अभियांत्रिकीला आणि मुलगा बी.कॉम.ला असेल, तर नवे यंत्र कोणाच्या हाती जावे हे सांगण्याची आवश्यकता नाही.

बिल कोणाच्या नावाने करावे, हा प्रश्न व्यापारी कुटुंबात हमखास निघतो. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ५९,००० रुपयांच्या बिलात ९,००० रुपये कर असतो. बिल पेढीच्या नावाने केले तर हे ९,००० वजावटीस मिळतील, असा मोह सहज होतो, आणि असे सुचवणारा विक्रेताही भेटतो. परंतु २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७, पोटकलम (५) नुसार वैयक्तिक उपभोगासाठी घेतलेल्या वस्तूवरील कराची वजावट मिळत नाही. मुलाच्या शिक्षणाचा लॅपटॉप हा घरखर्च आहे. तो पेढीच्या पैशातून घेतला तरी मालकाच्या उचलीत धरावा आणि वजावट मागू नये. पुढे तपासणीत ती रक्कम व्याजासह भरावी लागू शकते, हे एक. दुसरे असे की, ज्या यंत्रावर मुलगा हिशेब तपासण्याची विद्या शिकणार आहे, त्या यंत्राची पहिली नोंदच खोटी असू नये. बिल विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या नावाने घेतले तर वॉरंटीच्या वेळीही सोयीचे होते.

वह्यांची दुसरी प्रत

पेढीला आग लागली तर माल विम्यातून काही प्रमाणात भरून येतो. वह्या जळाल्या तर कोणाकडे किती येणे होते हेच सांगता येत नाही. विद्यार्थ्याचेही तसेच आहे. यंत्र चोरीस गेले तर दुसरे घेता येते. परीक्षेच्या आधी तीन वर्षांची खतावणी गेली तर ती कोणत्याही बाजारात मिळत नाही. एसएसडी बिघडताना पुष्कळदा पूर्वसूचनाही देत नाही.

जाणकारांत यासाठी ‘तीन-दोन-एक’ असा नियम प्रचलित आहे. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. विद्यार्थ्याला हे फार सोपे आहे : एक प्रत लॅपटॉपवर, एक क्लाउडवर, आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी सुटीत घरी आल्यावर भरून घरच्याच कपाटात ठेवावी. केवळ क्लाउडवर विसंबू नये; लॅपटॉपवर चुकून पुसलेली फाइल तेथूनही पुसली जाऊ शकते. ठरावीक वार ठरवून टाकावा, रविवारचा म्हणा, म्हणजे विसर पडत नाही.

निवड कोणी करावी

पैसे पालकांचे असले तरी वापर पाल्याचा आहे. म्हणून निवडीचे काम त्याच्यावरच सोपवावे. रक्कम किती हे वडीलधाऱ्यांनी आधी स्पष्ट सांगावे. त्या मर्यादेत मुलाने किंवा मुलीने तीन यंत्रे निवडावीत, तिन्हींचे भाव दोन ठिकाणांहून आणावेत, आणि एका कागदावर वजन, बॅटरी, रॅम, पडदा, कीबोर्ड, वॉरंटी यांचा तक्ता मांडून आपली पसंती का, हे दोन ओळींत लिहावे. आपल्या गावात कंपनीचे सेवा केंद्र आहे की दुरुस्तीसाठी यंत्र दूर पाठवावे लागते, हेही त्यात असावे. मग तो कागद घरातील मोठ्यांपुढे ठेवावा. आजोबांना प्रोसेसर कळत नसेल, परंतु ‘हा दुसऱ्यापेक्षा सहा हजारांनी महाग का?’ हा प्रश्न ते नेमका विचारतील, आणि त्याचे उत्तर देता देता मुलाला आपली निवड पक्की आहे की डळमळीत, हे स्वतःलाच कळेल.

तो कागद जपून ठेवावा. वर्षभराने सुटीत त्यावर पुन्हा एकदा नजर टाकावी : वजनाचा अंदाज बरोबर होता का, बॅटरी पुरली का, आणि मुख्य म्हणजे रोजच्या कीर्दीची खतावणी किती दिवस झाली. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असेल, तर यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, खरेदी योग्य झाली असे समजावे.